शुक्रवारी सही करू नका

वाचकांचे प्रश्न : परदेशातले कागद

प्रश्न : मी मूळचा नाशिकचा, मेकॅनिकल इंजिनिअर. जर्मनीत स्टुटगार्टजवळ गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीत ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या परमिटवर, चौदा महिने झाले. सोमवारी एचआरने बोलावून सांगितलं, तुमचा विभाग बंद होतोय. दोन पानी करार हातात दिला, ‘आउफहेबुंग्सफरट्राग’. महिनाअखेर नोकरी संपवायची, बदल्यात दोन पगार, आणि शुक्रवारपर्यंत सही हवी. खरं तर माझ्या करारात नोटिस पिरियड तीन महिन्यांचा आहे. कार्डावर २०२८ची तारीख आहे. बायको घरी असते, मुलगी तीन वर्षांची. जुलैत आईबाबा येणार आहेत, तिकिटं काढून झालीत. नोकरी संपली की व्हिसा त्याच दिवशी रद्द होतो का? किती दिवसांत देश सोडावा लागेल?
– एक वाचक, स्टुटगार्ट

उत्तर : तुमचं पत्र मंगळवारी रात्री मिळालं. शुक्रवार डोळ्यांसमोर होता, म्हणून अंकाची वाट न बघता उत्तर त्याच रात्री ईमेलने पाठवलं. तेच इथे जरा सविस्तर देते, कारण अशा कागदासमोर बसलेले तुम्ही एकटे नाही.

आधी सही. ती शुक्रवारी करू नका. हा करार म्हणजे तुम्ही आणि कंपनी दोघांनी राजीखुशीने नोकरी संपवली, असा लेखी पुरावा. मग रोजगार कार्यालय, म्हणजे आर्बाइट्सआगेंटुअर, विचारतं : नोकरी तुम्हीच सोडलीत ना? ठोस कारण दाखवता आलं नाही तर बेकारभत्ता बारा आठवड्यांपर्यंत रोखला जातो. त्याला इथे ‘शपेर्त्साइट’ म्हणतात. कंपनीचे दोन पगार त्यातच जिरून जातील. शिवाय तुमचे नोटिसचे तीन महिने तुम्ही स्वतःच्या हाताने खोडून टाकाल. आपल्यासारख्यांसाठी ते महिने पगारापेक्षाही मोलाचे असतात, कारण नोटिस चालू आहे तोवर तुम्ही नोकरीतच असता. परमिटच्या हिशेबात बेकारीचा पहिला दिवस त्यानंतर उजाडतो.

कंपनीला तुम्हाला काढायचंच असेल तर तिने रीतसर क्यूंडिगुंग, म्हणजे नोकरीवरून काढल्याची नोटिस, द्यावी. ती कागदावर, शाईच्या सहीनिशी लागते, ईमेलवरची चालत नाही. ती हातात पडल्यापासून तीन आठवड्यांच्या आत कामगार न्यायालयात दावा दाखल करता येतो. तुमचे सहा महिने केव्हाच पूर्ण झालेत आणि कंपनी मोठी आहे, म्हणजे नोकरी-संरक्षणाचा कायदा तुम्हाला लागू आहे. कंपनीत कामगार प्रतिनिधींची समिती, बेट्रीब्सराट, असेल तर उद्याच त्यांच्या दारात जा. वकिलाच्या खर्चाला घाबरू नका. वेगळं काही ठरलेलं नसेल तर पहिल्या सल्ल्याची फी १९० युरो अधिक कर, याच्या वर जात नाही. करार कदाचित वकील सुधारून घेईल आणि मग तुम्ही सही कराल, तेही चालेल. पण चार दिवसांत, एकट्याने, जर्मन नीट कळत नसताना नको.

आता व्हिसा. आपण सगळ्यालाच व्हिसा म्हणतो आणि तिथेच भीती वाढते. व्हिसा म्हणजे मुंबईहून निघताना पासपोर्टात चिकटवलेला कागद. तुम्ही इथे येऊन कार्ड घेतलंत तेव्हा त्याचं काम संपलं. तुमच्या पाकिटात आहे ते राहण्याचं परमिट, आणि कामाची परवानगी त्याच्याच पोटात आहे. नोकरी गेली म्हणून त्यावरची २०२८ची तारीख आपोआप पुसली जात नाही. ती अलीकडे आणायची तर परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला, आउसलेंडरबेहोर्डेला, तसा लेखी निर्णय घ्यावा लागतो आणि त्याआधी तुमचं म्हणणं ऐकावं लागतं. युरोपीय संघाच्या २०२१च्या ब्लू कार्ड नियमांप्रमाणे कार्ड मिळून दोन वर्षं झाली नसतील तर तीन महिन्यांपर्यंतच्या, आणि झाली असतील तर सहा महिन्यांपर्यंतच्या बेकारीवरून कार्ड काढून घेता येत नाही. तुमच्यापुरते तीन महिने धरा. त्याआधी नोटिसचे तीन. सही न करता तुमच्या हातात साधारण सहा महिने आहेत. सही केलीत तर तीनच.

नोकरी संपतेय हे त्या कार्यालयाला तुम्ही स्वतः कळवायचं असतं, कळल्यापासून दोन आठवड्यांत. कंपनीही आपल्या बाजूने कळवतेच. इथे मला माझी गोष्ट सांगायला हवी.

२०१४ साली माझी नोकरी गेली. कार्डावर दीड वर्ष शिल्लक होतं. कळवलं तर लगेच परत पाठवतील, या भीतीने मी गप्प बसले. नऊ आठवडे. घरी सांगलीला फोनवर आईलाही काही बोलले नाही. दारावरच्या पत्रपेटीचं झाकण वाजलं की पोटात गोळा यायचा. मग एक दिवस पत्र आलंच, कंपनीने कळवलं होतं, मला भेटायला बोलावलं होतं. मी हातात नंबराची चिठ्ठी चुरगाळत दोन तास बसले. आतल्या बाईंनी माझी फाईल काढली, मी आणलेले नोकरीचे अर्ज एकेक करून चाळले, पंचिंग मशीनने भोकं पाडून फाईलला लावले. नकाराची पत्रंसुद्धा. मग चष्मा काढून एवढंच विचारलं, “आधी का नाही आलात?” मला उत्तर देता आलं नाही. त्यांनी आणखी तीन महिने लिहून दिले. माझे नऊ आठवडे मात्र परत मिळाले नाहीत, ते वायाच गेले. वेळेवर गेले असते तर तेवढा काळ मी शांत डोक्याने अर्ज केले असते. म्हणून कळकळीने सांगते, कळवा. चार ओळींचा ईमेल पुरतो : नोकरी अमुक तारखेला संपतेय, मी नवी शोधतोय, सोबत अर्जांची यादी. पाठवलेल्या ईमेलची प्रिंट काढून ठेवा.

रोजगार कार्यालयात नोंदणीची मुदत त्याहूनही कमी आहे. नोकरी संपायला तीन महिन्यांहून कमी अवधी असेल तर कळल्यापासून तीन दिवसांत. ऑनलाइन होते. गेल्या तीस महिन्यांत बारा महिने बेकारीविमा भरलेला असला की भत्ता मिळतो, तुमचे चौदा भरलेत. म्हणजे निदान सहा महिने, मूल असल्याने निव्वळ पगाराच्या ६७ टक्के. हा पैसा घेतला तर परमिटवर डाग पडतो, अशी समजूत आपल्या लोकांत फार आहे. तसं नाही. तो तुमच्याच पगारातून कापलेला विमा आहे. ‘बुर्गरगेल्ड’ नावाने सुरू झालेली सरकारी मदत मात्र वेगळी, तिच्यासाठी अर्ज करण्याआधी वकिलाला विचारा.

नवी नोकरी मिळताना तुमचे चौदा महिने पुन्हा कामी येतील. ब्लू कार्डच्या पहिल्या वर्षात नोकरी बदलली तर कार्यालय ती तपासून अडवू शकतं, ते वर्ष तुम्ही ओलांडलंय. पगाराची अट मात्र राहतेच : २०२५मध्ये ती वर्षाला ४८,३०० युरो होती, टंचाईच्या व्यवसायांत ४३,७५९.८० युरो, आणि इंजिनिअर टंचाईच्या यादीत आहेत. आणि तुमच्या पत्नीचं कार्ड जरा काढून बघा. त्यावर ‘एर्वेर्ब्सटेटिशकाइट एर्लाउब्ट’ असं छापलेलं असेल, म्हणजे कुठलंही काम करायला त्यांना मोकळीक आहे. कित्येक घरांत हे दोन शब्द वर्षानुवर्षं कोणी वाचलेले नसतात.

आईबाबांची तिकिटं राहू द्या. जुलैत तुम्ही इथेच असाल.


प्रश्न : माझी मुलगी जर्मनीत हॅनोव्हरला नोकरी करते. तिच्या कार्डाची मुदत संपली, नवं अजून आलेलं नाही. तिथल्या ऑफिसने एक घडीचा कागद दिलाय. डिसेंबरात तिच्या भावाचं लग्न आहे. ती म्हणते, आले तर परत घेतील की नाही कळत नाही. काय करावं?
– एक आई, सातारा

उत्तर : ताई, त्या कागदाला ‘फिक्सिऑन्सबेशायनिगुंग’ म्हणतात. लेकीला सांगा, तो उघड आणि आतल्या पानावरच्या चौकोनांचा फोटो मला पाठव. तिथे परदेशी नागरिकांच्या निवास कायद्याच्या ८१व्या कलमाखाली तीन चौकोन असतात आणि त्यातल्या एकावर खूण असते. खूण उपकलम चारच्या चौकोनावर असेल तर जुनं परमिट चालू आहे असं धरलं जातं. तिला काम करता येतं, भारतात येऊन परतही जाता येतं. जुन्या कार्डाची मुदत संपण्याआधी तिने अर्ज केला असेल तर सहसा हीच खूण असते. उपकलम तीनवर असेल तर मात्र बाहेर पडू नये, त्या कागदावर परत शिरता येत नाही.

खूण चारवर असली तरी त्या कागदाचीही स्वतःची मुदत असते. ती परतीच्या तारखेपुढची आहे ना, ते बघा. मुदत संपलेलं जुनं कार्डही बरोबर ठेवायचं, कागद आणि कार्ड जोडीने दाखवायचं. मुंबईच्या काउंटरवरच्या मुलाने असा कागद कधी पाहिलेला नसण्याची शक्यता आहे, तेव्हा चार तास आधी पोचावं. आणि तिकीट शक्यतो मुंबईहून थेट फ्रँकफर्ट किंवा म्युनिकचं काढावं, मधल्या देशात आणखी एका माणसाला हे सगळं समजवावं लागत नाही.

तारखा जुळत असतील तर हळदीच्या दोन दिवस आधीचं बुकिंग करून टाका.