हिशेब कोणता आणि दावा कोणता : स्थूल अर्थशास्त्राच्या अभ्यासाविषयी एक पत्र

प्रिय विद्यार्थी,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. स्थूल अर्थशास्त्राचे प्रत्येक प्रकरण स्वतंत्रपणे समजते, पण सगळी प्रकरणे एकत्र आठवली की ती एकमेकांशी भांडू लागतात, असे तू लिहिले आहेस. हे वाचून मला बरे वाटले, कारण नुसते पाठांतर करणाऱ्याला हे भांडण ऐकूच येत नाही. मी पदवीच्या वर्गात असताना एकाच आठवड्यात दोन उत्तरपत्रिका लिहिल्या होत्या. सर्वांनी बचत वाढवली तर देशाचे उत्पन्न घटते, हे मी एकीत सिद्ध केले, आणि बचतीचा दर वाढला तर देशाचे दरडोई उत्पन्न वाढते, हे दुसरीत. दोन्ही उत्तरांना चांगले गुण मिळाले, आणि त्या दोहोंत काही विसंगती आहे हे माझ्या लक्षात यायला पुढची दोन वर्षे जावी लागली. तुझी ती दोन वर्षे वाचावीत, एवढ्यासाठी हे पत्र थोडे विस्ताराने लिहीत आहे.

माझे सांगणे मुख्यतः एकाच सवयीविषयी आहे. पाठ्यपुस्तकात एखादे समीकरण समोर आले की ते सोडवण्याआधी स्वतःला विचारायचे : हा हिशेब आहे, की माणसांच्या वर्तनाविषयीचा दावा आहे? हिशेबातली समानता व्याख्येनेच खरी असते, त्यामुळे ती कधी खोटी ठरू शकत नाही, आणि नेमक्या त्याच कारणाने ती एकटी काही घडवतही नाही. दावा मात्र खोटा ठरू शकतो, म्हणूनच तो आपल्याला जगाविषयी काही सांगू शकतो. छापील पानावर दोन्हींमध्ये तेच बरोबरचे चिन्ह असते, आणि या विषयातला बराचसा गोंधळ त्या चिन्हातून जन्माला येतो.

पहिल्याच प्रकरणातले उदाहरण घे. उपभोग, गुंतवणूक, सरकारी खर्च आणि निर्यात यांची बेरीज करून तीतून आयात वजा केली की देशांतर्गत उत्पादन मिळते. आयातीपुढे वजाचे चिन्ह दिसते म्हणून आयात वाढली की उत्पादन तेवढ्याने घटते, असे अनेक विद्यार्थी लिहितात, आणि सार्वजनिक चर्चेतही हे वाक्य वारंवार कानावर येते. आता हिशेब मांडून पाहा. एखाद्या कारखान्याने परदेशातून १०० रकमेचे यंत्र आणले, तर गुंतवणुकीच्या रकान्यात १०० वाढले आणि आयातीच्या रकान्यातही १०० वाढले, म्हणजे उत्पादनाच्या आकड्यात काहीच फरक पडला नाही. इतर रकान्यांमध्ये आधीच मोजली गेलेली परकीय वस्तू काढून टाकण्यापुरतेच ते वजाचे चिन्ह आहे. आयातीमुळे देशातल्या उत्पादकांची मागणी कमी होते का, हा प्रश्न महत्त्वाचा आहेच, पण तो वर्तनाविषयीचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर या समीकरणातून निघत नाही.

हा हिशेब मुळात कशासाठी जन्माला आला, हेही जाणून घे. १९२९ नंतरच्या महामंदीत किती उत्पन्न बुडाले, हे सांगणारा संपूर्ण अर्थव्यवस्थेचा नियमित अधिकृत ताळेबंद अमेरिकी सरकारजवळ नव्हता. सायमन कुझनेट्स यांनी १९३४ साली तिथल्या सिनेटपुढे ठेवलेल्या अहवालातून, १९२९ ते १९३२ या काळात राष्ट्रीय उत्पन्न जवळपास निम्म्यावर आल्याचे दिसले. राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यावरून राष्ट्राच्या कल्याणाचा अंदाज बांधता येत नाही, असा इशाराही त्याच अहवालात त्यांनी दिला होता. मोजमाप करणाऱ्या माणसाने पहिल्याच दिवशी त्याची मर्यादा सांगून ठेवली, याचा मला फार आदर वाटतो.

आता माझ्या त्या दोन उत्तरपत्रिकांकडे येतो, कारण विषयाचा गाभा मला तिथेच दिसतो. सरकार नाही, परदेशी व्यापार नाही, अशी एक अर्थव्यवस्था कल्पून वहीत मांड. उपभोग म्हणजे १०० अधिक उत्पन्नाचा ०.८ भाग, आणि नियोजित गुंतवणूक १००. समतोल उत्पन्न १००० येते आणि बचत १०० येते. आता लोकांनी काटकसर करायचे ठरवले आणि उपभोगातला तो स्थिर भाग १०० वरून ८० वर आला, असे धर. नवे समतोल उत्पन्न ९०० येते. बचत किती? पुन्हा १००. लोकांनी जास्त बचत करायचे ठरवले, आणि हाती आले ते १०० ने घटलेले उत्पन्न व तेवढीच बचत. हा काटकसरीचा विरोधाभास अनेक पाठ्यपुस्तके सांगतात, परंतु बहुतेक विद्यार्थी ९०० हे उत्तर काढून थांबतात आणि खरी शिकण्याजोगी गोष्ट मधल्या वाटेवर राहून जाते.

ती वाट चालून पाहा. काटकसर सुरू झाली त्या पहिल्या कालखंडात उत्पादन अजून १००० च आहे. लोक ८८० चा माल घेतात, म्हणजे १२० वाचवतात. कारखानदारांनी ठरवलेली गुंतवणूक १०० ची आहे, म्हणजे २० चा माल विकला न जाता गोदामात पडतो. राष्ट्रीय हिशेबात हा पडून राहिलेला मालसाठा गुंतवणुकीतच धरतात, म्हणून प्रत्यक्ष गुंतवणूक १२० होते आणि बचतही १२०. हिशेब तंतोतंत जुळला, पण तरीही अर्थव्यवस्था समतोलात नाही, कारण त्या १२० मधले २० कोणालाच नको होते. पुढच्या कालखंडात कारखानदार ९८० चेच उत्पादन काढतात, उत्पन्न घटते, उपभोग ८६४ होतो, आणि आता १६ चा माल पडून राहतो. त्यानंतर उत्पादन ९६४ वर येते, आणि हा क्रम ९०० च्या दिशेने चालू राहतो. बचत आणि गुंतवणूक या प्रवासात प्रत्येक टप्प्यावर समान आहेत. मग समतोल कशाला म्हणायचे? माणसांनी जे ठरवले होते आणि जे प्रत्यक्ष घडले, त्यांत अंतर उरले नाही म्हणजे समतोल. हिशेबातली समानता आणि समतोलाची अट यांतला हा भेद एकदा हाताने आकडे मांडून कळला की पुढची निम्मी प्रकरणे आपोआप हलकी होतात.

मग दुसरी उत्तरपत्रिका खोटी होती का? नाही. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट सोलो यांनी १९५६ साली मांडलेल्या वृद्धीच्या प्रतिमानात (मॉडेलमध्ये) सगळे श्रमिक कामावर आहेत आणि केलेली सगळी बचत भांडवलात रूपांतरित होते, हे गृहीतच धरलेले आहे. तिथे गोदामात माल पडून राहण्याची शक्यताच नाही, त्यामुळे बचतीचा दर वाढला की कालांतराने दरडोई उत्पन्नाची पातळी वर जाते. काटकसरीच्या उदाहरणात किमती आणि व्याजदर जागेवर खिळलेले होते आणि गुंतवणूक बदलणार नाही असे आपणच ठरवले होते. एका प्रकरणाचा काळ काही महिन्यांचा आहे, दुसऱ्याचा काही दशकांचा. तुझ्या पत्रातले बरेचसे भांडण असेच आहे, म्हणून प्रत्येक प्रतिमानाच्या वर पेन्सिलीने दोन ओळी लिहीत जा : इथे काय स्थिर धरले आहे, आणि किती काळापुरते. बचत वाढली आणि व्याजदर खाली आला, तर गुंतवणूक त्या घटीची भरपाई करील का, आणि किती वेळात करील, हा दोन्ही प्रकरणांना जोडणारा प्रश्न आहे. मोठमोठे अर्थतज्ज्ञ त्यावर प्रामाणिकपणे वेगवेगळी उत्तरे देतात.

पैशाच्या प्रकरणातही हीच कसोटी लाव. पैशाचा साठा गुणिले भ्रमणवेग बरोबर किंमत पातळी गुणिले उत्पादन, हे समीकरण तू पाठ केलेच असशील. यातला भ्रमणवेग, म्हणजे तोच पैसा वर्षभरात सरासरी किती वेळा हात बदलतो ते, कोणी स्वतंत्रपणे मोजत नाही. उजव्या बाजूच्या रकमेला पैशाच्या साठ्याने भागूनच तो काढतात, म्हणून समीकरण जुळणारच. भ्रमणवेग स्थिर असतो, असे म्हटल्यावर दावा सुरू होतो. २००८ च्या आर्थिक संकटाआधी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने निर्माण केलेला आधारभूत पैसा, म्हणजे चलन आणि बँकांच्या तिच्याजवळच्या राखीव ठेवी, एक लाख कोटी डॉलरपेक्षा कमी होता, तो २०१४ पर्यंत सुमारे चार लाख कोटी डॉलरवर गेला. तरीही त्या काळात तिथली महागाई बहुतांशी दोन टक्क्यांच्या आसपास किंवा खालीच राहिली, कारण त्या पैशाचा मोठा भाग बँकांच्या राखीव ठेवींच्या रूपाने मध्यवर्ती बँकेतच पडून राहिला. यावरून पैसा आणि महागाई यांचा संबंध नाही, असा निष्कर्ष काढू नकोस. संबंध आहे, पण तो समीकरणाने बांधून दिलेला नाही, तर बँका, कर्जदार आणि ठेवीदार यांच्या निर्णयांतून घडतो.

दावा कसा कोसळतो हे पाहायचे असेल तर फिलिप्स वक्राचा इतिहास तारखांसह वाच, कारण या प्रकरणात तारखांनाच अर्थ आहे. फिलिप्स यांनी १९५८ साली ब्रिटनच्या १८६१ ते १९५७ या काळातील आकडेवारीवरून, बेरोजगारी कमी असते तेव्हा मजुरीचे दर वेगाने वाढतात, असे दाखवले. पुढे त्या संबंधाकडे अनेकजण धोरणाचा पर्याय म्हणून पाहू लागले : थोडी महागाई सोसायची आणि त्या बदल्यात बेरोजगारी कमी करून घ्यायची. लोक महागाईची अपेक्षा धरू लागले की हा सौदा टिकणार नाही, असे मिल्टन फ्रीडमन यांनी डिसेंबर १९६७ च्या एका अध्यक्षीय भाषणात सांगितले आणि एडमंड फेल्प्स त्याच सुमारास स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षावर आले. तेव्हा वक्र आकडेवारीत ठीक बसत होता. महागाई आणि बेरोजगारी एकदमच वाढल्या त्या त्यानंतर, १९७० च्या दशकात. घटना घडण्याआधी केवळ तर्काच्या बळावर केलेले असे भाकीत आपल्या शास्त्रात दुर्मिळ आहे.

त्या दशकाची परतफेड फार महाग पडली. ऑगस्ट १९७९ मध्ये पॉल व्होल्कर अमेरिकी मध्यवर्ती बँकेचे प्रमुख झाले, महागाई रोखण्याच्या प्रयत्नात १९८१ मध्ये अल्पकालीन व्याजदर २० टक्क्यांच्या जवळ पोहोचले, आणि महागाईचा दर १९८० मधील सुमारे १३.५ टक्क्यांवरून १९८३ मध्ये सुमारे ३ टक्क्यांवर आला. त्याच दरम्यान, १९८२ च्या अखेरीस, बेरोजगारीचा दर १० टक्क्यांच्या वर होता. आलेखात ही हकीकत म्हणजे एका वक्राचे सरकणे असते, पण त्या सरकण्याच्या काळात लाखो माणसांची कामे गेली होती, हे आलेख काढताना कधीही विसरू नकोस. हा विषय मी आयुष्यभर शिकवला तो याच कारणासाठी.

आकडेवारीविषयी थोडेच सांगतो. महागाईचा दर उतरला म्हणजे किमती उतरल्या असे नव्हे, त्यांची वाढ मंदावली एवढेच. तूट हा वर्षाचा प्रवाह आहे आणि कर्ज हा साठा, त्यामुळे तूट कमी होत असतानाही कर्ज वाढत राहू शकते. व्याजदर ४ वरून ५ टक्के झाला तर वाढ एका टक्काबिंदूची असते, एका टक्क्याची नव्हे. कोणत्याही एका देशाचे उत्पादन, महागाई, बेरोजगारी, व्याजदर आणि चालू खाते (परदेशांशी झालेल्या व्यापार व उत्पन्नाच्या देवाणघेवाणीची शिल्लक) असे पाच आकडे दर तिमाहीला वहीत स्वतः उतरवत जा, आणि आधी जाहीर झालेला आकडा पुढे सुधारला गेला की जुना न खोडता शेजारी नवा लिही. वर्षभरात तुला दिसेल की धोरण ठरवणाऱ्यांना निर्णयाच्या वेळी जे आकडे हाती होते, ते आज आपण आलेखात पाहतो ते नव्हतेच.

गणिताची भीती तू व्यक्त केली आहेस. पदवीपुरते एकसामयिक समीकरणे, साधे विकलन आणि लॉगरिदम एवढे हातात बसलेले पुरते, मात्र संख्याशास्त्र टाळू नकोस. दावा तपासायची वेळ येते तेव्हा तेच उपयोगी पडते.

कोणता संप्रदाय खरा, एकूण मागणीला महत्त्व देणारा केन्सवादी की पैशाच्या साठ्याला महत्त्व देणारा मौद्रिकवादी, हा तुझा शेवटचा प्रश्न. इतक्या लवकर बाजू निवडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. १९३६ साली केन्स यांनी आपला सिद्धांत मांडला तेव्हा महामंदी अजून ओसरली नव्हती, आणि अमेरिकेत १९३३ साली चारांतला जवळपास एक श्रमिक बेकार होता. फ्रीडमन यांच्या विचारांना बळ मिळाले ते चढत्या महागाईच्या काळात. प्रत्येकाने आपल्या काळाच्या दुखण्याकडे पाहून काय स्थिर धरायचे ते ठरवले होते. म्हणून एखादा सिद्धांत वाचताना तो कोणत्या दुखण्यावर लिहिला गेला, हे आधी शोध, आणि मग समोरच्या परिस्थितीत तेच दुखणे आहे का, ते पाहा.

पुढच्या पत्रासोबत वरच्या उदाहरणाचा तक्ता पाठव. १००० पासून सुरू करून दहा कालखंडांचे उत्पन्न, उपभोग, बचत, नियोजित गुंतवणूक आणि पडून राहिलेला मालसाठा असे पाच रकाने कर. त्यानंतर दुसरा तक्ता असा कर की, उत्पन्न जेवढ्याने घटेल त्याच्या दहाव्या हिश्शाने पुढच्या कालखंडात नियोजित गुंतवणूक वाढेल. हा दावा मी उदाहरणापुरता केला आहे, तो खरा आहे असे समजू नकोस. दोन्ही तक्त्यांत उत्पन्न कुठे जाऊन थांबते आणि का, ते तुझ्या शब्दांत लिही. मी वाट पाहतो आहे.

तुझा शुभचिंतक