वाचकांचे प्रश्न : २०२४ मधील इंडी, डान्स आणि रॅप

जानेवारीच्या अंकात २०२४ मधील माझ्या आवडीची सहा गाणी मी दिली होती : केंड्रिक लामारचे ‘नॉट लाइक अस’, डोईचीचे ‘डिनायल इज अ रिव्हर’, हनुमानकाइंड आणि कल्मी यांचे ‘बिग डॉग्ज’, फाँटेन्स डी.सी. या डब्लिनच्या बँडचे ‘स्टारबर्स्टर’, वॅक्साहॅचीचे ‘राइट बॅक टू इट’ आणि चार्ली एक्ससीएक्स व लॉर्ड यांनी मिळून गायलेले ‘गर्ल, सो कन्फ्यूझिंग’. कारणे लिहिण्यास तेव्हा जागा उरली नव्हती. आता फेब्रुवारी २०२५ मधील ग्रॅमी या संगीत पुरस्कारांचा समारंभही पार पडला आहे आणि पत्रांचा सूर थोडा चढलेला आहे, तेव्हा सविस्तर उत्तरे देणे भाग आहे.

प्रश्न : ‘नॉट लाइक अस’ हे दोन श्रीमंत रॅपरांचे भांडण आहे. त्याला वर्षातील सर्वोत्तम गाण्यांत बसवणे म्हणजे चहाटळपणाला कलेचा दर्जा देणे नव्हे काय? (एक वाचक, सातारा)

उत्तर : भांडण आहे हे मान्यच आहे. ज्यांना पार्श्वभूमी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मार्च २०२४ मध्ये फ्यूचर आणि मेट्रो बूमिन यांच्या ‘लाइक दॅट’ या गाण्यातील एका कडव्यात केंड्रिक लामारने ड्रेक आणि जे. कोल या रॅपरांना डिवचले. एप्रिलमध्ये ड्रेकने उत्तर दिले आणि मेच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही बाजूंनी काही तासांच्या अंतराने गाणी येऊ लागली. ‘नॉट लाइक अस’ ४ मे रोजी आले. आदल्याच रात्री आलेले लामारचे गाणे संथ, काळवंडलेले आणि ऐकवत नाही इतके विखारी होते. त्यावर चोवीस तासही उलटण्यापूर्वी त्याने लोक नाचतील असे गाणे समोर ठेवले आणि माझ्या मते निकाल तिथेच लागला.

आपण साताऱ्याचे असल्याने कलगी-तुऱ्याची आठवण करून देण्याचा मोह आवरत नाही. शक्तीचा पक्ष घेणारे कलगीवाले आणि शिवाचा पक्ष घेणारे तुरेवाले समोरासमोर बसून रात्र जागवीत, आणि प्रतिपक्षाच्या सवालाला बांधेसूद जवाब देता आला नाही तर फड हातचा जाई. तिथेही शालजोडीतले हाणले जात, परंतु हार-जीत ठरे ती रचनेवर. लामारचे गाणेही मी त्याच तराजूत तोलतो. माझी कसोटी एवढीच असते की, भांडणाची काडीमात्र कल्पना नसलेल्या माणसाला गाणे शेवटपर्यंत धरून ठेवते की नाही. मस्टर्ड या निर्मात्याने सॅक्सोफोनवादक माँक हिगिन्सच्या साठच्या दशकातील ध्वनिमुद्रणातून तंतुवाद्यांचा एक छोटा तुकडा उचलला, तो वेगात आणला आणि त्याखाली लॉस एंजेलिसच्या क्लबांत चालणारी उड्या मारणारी, मोकळी लय ठेवली. साथीला फारसे काही नाही. त्या रिकाम्या जागेत लामार कधी कुजबुजतो, कधी शाळेतल्या मुलासारखा वेडावून दाखवतो, आणि ‘मायनर’ या शब्दावर, म्हणजे स्वरमेळाच्या (कॉर्डच्या) नावावर आणि अल्पवयीन या अर्थावर एकाच वेळी, तो इतका वेळ रेंगाळतो की पुढची ओळ श्रोतेच म्हणू लागतात. १९ जूनला इंगलवूडच्या मैफलीत त्याने हे गाणे लागोपाठ अनेकदा गायले आणि प्रेक्षागृहाने प्रत्येक वेळी ते तितक्याच जोमाने उचलले. २ फेब्रुवारीला रेकॉर्ड ऑफ द इयर आणि साँग ऑफ द इयर यांसह पाच ग्रॅमी मिळाल्या त्या या रचनेला, असे मी मानतो.

आपल्या आक्षेपातला एक भाग मात्र मला खोडून काढता येत नाही. गाण्यात ड्रेकवर अत्यंत गंभीर आरोप आहेत. त्याने ते फेटाळले आहेत आणि प्रकरण न्यायालयातही गेले आहे. हजारो लोक तो आरोप टाळ्यांच्या तालावर एका सुरात म्हणतात तेव्हा मला अवघडल्यासारखे होते. गाणे उत्तम आहे म्हणून त्यातला प्रत्येक शब्द खरा ठरत नाही, आणि हे भान सुटले तर आपण श्रोते न राहता जमाव होतो.

प्रश्न : त्याच यादीत ‘गर्ल, सो कन्फ्यूझिंग’ कसे? मूळ गाणे घ्यायचे सोडून रीमिक्स का घेतले? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : कारण तोही एक सवाल-जवाबच आहे, फक्त उलट दिशेने गेलेला. ‘ब्रॅट’ हा अल्बम ७ जून २०२४ रोजी आला. त्यातील मूळ गाण्यात चार्ली एका दुसऱ्या गायिकेविषयी बोलते : लोक आम्हा दोघींना सारख्याच म्हणतात, पण तिला मी आवडते की माझे वाईट व्हावे असे तिला वाटते, हेच मला कळत नाही. ती गायिका म्हणजे न्यूझीलंडची लॉर्ड, असा तर्क ऐकणाऱ्यांनी केला. दोनच आठवड्यांनी, २१ जूनला, लॉर्डने स्वतः त्याच गाण्यात येऊन उत्तर दिले. मी तुला टाळत होते ते तुझ्या रागाने नव्हे, माझ्या शरीराविषयीच्या आणि स्वतःविषयीच्या भीतीने, असे ती जवळजवळ एका दमात सांगून टाकते. निर्माता ए. जी. कुकने खालची धातूसारखी करकरणारी लय तशीच ठेवली आहे, म्हणून त्या कबुलीला रडवेपणा येत नाही. नृत्यसंगीतात इतके खासगी बोलणे क्वचित होते. मूळ गाण्यात नुसता प्रश्न होता. रीमिक्समध्ये दोन माणसे आहेत.

प्रश्न : ‘स्टारबर्स्टर’मध्ये गायक मध्येच धाप लागल्यासारखा आवाज का काढतो? मला तो त्रासदायक वाटतो. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : त्रास व्हावा म्हणूनच तो ठेवला आहे. बँडचा गायक ग्रियन चॅटनला लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकावर पॅनिक अटॅक, म्हणजे भीतीचा अचानक झटका, आला होता आणि गाणे त्यातून निघाले. धृपदाची ओळ संपली की तो तोंडाने हवा जोरात आत ओढतो, आणि तो श्वास ढोलाच्या ठोक्याइतका नेमका तालात पडतो. सर्वसाधारण ध्वनिमुद्रणात गायकाचे असे श्वास कापून टाकतात किंवा दबके करतात. येथे निर्माता जेम्स फोर्ड याने तो समोर आणून ठेवला. मग मध्यावर सगळा गोंगाट थांबतो, तंतुवाद्ये येतात, आवाज मऊ होतो, आणि आता सुटलो असे वाटत असतानाच पहिली लय पुन्हा अंगावर येते. झटक्याचे वेळापत्रक असेच असते.

याच्या शेजारी डोईचीचे ‘डिनायल इज अ रिव्हर’ ऐकून पाहावे. तेथे ती स्वतःच्याच दुसऱ्या आवाजाशी बोलते. तो आवाज समुपदेशकासारखा तिला खोदून विचारतो आणि ती फसवणूक, प्रसिद्धी, व्यसन असे एकेक प्रकरण हसत-हसत सांगत जाते. शेवटी तो तिला श्वासाचा व्यायाम करायला लावतो आणि तिचे उच्छ्वासच रॅपचा ताल धरतात. रडू आणि विनोद यांच्यात तिने राखलेले अंतर थक्क करणारे आहे. ज्या संकलनात हे गाणे आहे त्याला २०२५ ची सर्वोत्तम रॅप अल्बमची ग्रॅमी मिळाली. लॉरिन हिल आणि कार्डी बी यांच्यानंतर हा मान मिळवणारी ती तिसरी स्त्री आहे.

प्रश्न : यादीत मराठी काहीच नाही. ‘तांबडी चामडी’ आपल्या कानावर पडले नाही काय? (एक वाचक, पुणे)

उत्तर : ते कानावर न पडू देणे २०२४ मध्ये कोणत्याही वरातीत शक्य नव्हते. क्रेटेक्स या नावाने संगीत करणारा कृणाल घोरपडे आणि श्रेयस सागवेकर यांचे हे गाणे स्पिनिन रेकॉर्ड्स या नेदरलँड्सच्या कंपनीने काढले, याचा मला मनापासून आनंद आहे. त्यातली युक्ती साधी आहे : हाउस संगीताचा दर मात्रेवर पडणारा ठोका आणि त्यावर मराठीतील ठसठशीत शब्द. आपल्या भाषेतली जोडाक्षरे आणि कठोर व्यंजने तालवाद्याचे काम आयतेच करतात, हे पोवाड्याला फार पूर्वीपासून ठाऊक होते. क्रेटेक्सने ते डीजेच्या टेबलावर नेले. माझ्या सहांत ते बसले नाही याचे कारण असे की, धृपदाच्या पलीकडे गाण्याला जाण्यासारखी जागा नाही आणि चौथ्या-पाचव्या वेळी ते मला नव्याने काही देईना. नाचताना ही तक्रार कोणी करणार नाही, मीही नाही.

‘बिग डॉग्ज’ निवडले ते केवळ भारतीय म्हणून नव्हे. मलप्पुरममध्ये जन्मलेला आणि टेक्सासमधील ह्यूस्टनमध्ये वाढलेला हनुमानकाइंड इंग्रजीत रॅप करतो, आणि त्याचे उच्चार अमेरिकेच्या दक्षिणेचे आहेत. चित्रफीत मात्र केरळातील पोन्नानी येथे, आपल्या जत्रांत असतो तशा मौत का कुँआमध्ये चित्रित झाली आहे. तो लाकडी विहिरीच्या तळाशी उभा राहून गातो आणि मोटारसायकली व गाड्या त्याच्याभोवती भिंतीवरून फिरतात. निर्माता कल्मीचा घरघरता बेस आणि त्या इंजिनांचा आवाज एकमेकांत असे मिसळतात की, कोणता कुठला हे ओळखणे कठीण जावे.

प्रश्न : मोठ्या सभागृहांत गाणाऱ्या बँडना ‘इंडी’ म्हणणे हास्यास्पद नाही का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : थोडेसे आहे. मुळात ते नाव स्वतंत्र ध्वनिमुद्रण कंपन्यांवरून पडले. आता ते एका आवाजाचे नाव झाले आहे. ‘राइट बॅक टू इट’ ऐकताना हा वाद मला सुचतही नाही. वॅक्साहॅची या नावाने गाणाऱ्या केटी क्रचफील्डचा आवाज, शेजारी एम. जे. लेंडरमनचा किंचित मागे रेलणारा दुसरा सूर, आणि खाली संथ चालणारा बँजो. जुन्या नात्याविषयीचे इतके निवांत गाणे वर्षभरात दुसरे मिळाले नाही.

प्रश्न : नृत्यसंगीताची ग्रॅमी मिळवणारे जस्टिस आणि टेम इम्पाला यांचे ‘नेव्हरएंडर’ का वगळले? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : कारागिरी निर्दोष आहे, पण मला ते जुन्या डिस्कोच्या प्रेमात जरा जास्तच अडकलेले वाटते. सातवे गाणे देण्याची मुभा असती तर जेमी एक्सएक्स आणि हनी डिजॉन यांचे ‘बॅडी ऑन द फ्लोर’ दिले असते.

प्रश्न : माझी मुलगी बारा वर्षांची आहे आणि रॅप ऐकण्याचा हट्ट धरते. शिव्यांचे काय करावे? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : बहुतेक मोठ्या रॅप गाण्यांची शिव्या वगळलेली आवृत्तीही निघते, आणि गाणी ऐकवणाऱ्या बऱ्याच ॲपांमध्ये आक्षेपार्ह भाषेची गाणी बंद ठेवण्याची सोय असते, सुरुवात तेथून करावी. परंतु शिव्या गाळल्याने विषय गाळला जात नाही. ‘नॉट लाइक अस’ची स्वच्छ आवृत्तीही बारा वर्षांच्या मुलीने एकटीने ऐकू नये असे माझे मत आहे. ‘बिग डॉग्ज’पासून आरंभ करावा आणि पहिल्यांदा ते तिच्यासोबत बसून, मोबाइलवर नव्हे तर बऱ्यापैकी स्पीकरवर ऐकावे, कारण मोबाइलमध्ये बेस उरतच नाही आणि मग तिला नेमके काय आवडले ते तुम्हाला कळणार नाही.