पाटलोणीतला म्हातारा

प्रश्न असा आहे : ‘पाटलोण’ हा शब्द इटलीतल्या जुन्या नाटकातल्या एका म्हाताऱ्याच्या नावावरून आला म्हणतात, ते खरं की थाप? आणि तिथल्या तसल्या ठरीव पात्रांना मराठीत काय म्हणावं?

खरं आहे. आट्यापाट्यांत पाटी असते आणि लोणही असतं, म्हणून शब्द तिथून आला असावा, असं एका मित्राने मला मोठ्या खात्रीने सांगितलं होतं. पण त्यात दम नाही. इंग्रजी ‘पँटलून’ मराठी तोंडात घोळून पाटलोण झाली. शेवटच्या ‘न’चा ‘ण’ करणं ही आपली जुनी खोड. बटनचं बटण केलं, प्लटूनची म्हणा की बटालियनची, पलटण केली, त्याच रांगेतली ही पाटलोण.

आता म्हातारा. 16व्या शतकात इटलीत ‘कोम्मेदिया देल्लार्ते’ नावाचा नाट्यप्रकार बहरला. लिहिलेले संवाद नाहीत, नुसता कथेचा आराखडा, बाकी सगळं नटांनी उभ्या उभ्या रचायचं. तिथल्या पादुआ शहरात 1545 साली अशा एका नाटकमंडळीने केलेला करार आजही उपलब्ध आहे, म्हणजे हा हौशी मामला नव्हे. नावातल्या ‘आर्ते’चा अर्थही इथे कलेपेक्षा ‘धंदा, पेशा’ असाच घ्यायचा. या नाटकांत व्हेनिसचा एक चिक्कू व्यापारी हमखास असे : पांतालोने. काळा झगा, बाकदार नाकाचा मुखवटा, पुढे आलेली टोकदार दाढी, कमरेला पैशांची थैली आणि पायांत तंग लाल तुमान. तरुण पोरींवर डोळा, आणि शेवटी फजिती ठरलेली.

नाव बहुधा सान पांतालोन या संतावरून आलं. त्याच्या नावाचं चर्च व्हेनिसमध्ये आजही आहे. गंमत म्हणजे हा संत परंपरेनुसार रोग्यांकडून छदाम न घेणारा वैद्य, आणि त्याचं नाव चिकटलं ते पैशाला पैसा जोडणाऱ्या कंजुषाला.

इटालियन मंडळ्या फ्रान्समध्ये खेळ करू लागल्या, तिथे म्हाताऱ्याच्या नावाने त्याची तुमान ओळखली जाऊ लागली, आणि पुढे तो शब्द इंग्रजीत गेला. पण इंग्रजीत आधी आला तो माणूस, कपडा नंतर. शेक्सपिअरच्या ‘ॲज यू लाइक इट’मध्ये माणसाच्या सात अवस्थांचं भाषण आहे. त्यातल्या सहाव्या अवस्थेतला सपाता घातलेला वाळका म्हातारा म्हणजे ‘पँटलून’. त्याच्या काटकुळ्या पायांवर ढगळ झालेल्या कपड्याला मात्र तिथे ‘होज’ म्हटलंय. ‘पँटलून’ हा शब्द कपड्याला लागला 17व्या शतकात. पुढे 19व्या शतकात अमेरिकेत त्याचं शेपूट छाटून ‘पँट्स’ झालं, म्हणजे आपली पँट आणि आजोबांची पाटलोण एकाच म्हाताऱ्याची.

त्या म्हाताऱ्याचे नोकर म्हणजे ‘झान्नी’. हे ‘जोवान्नी’ या अगदी सर्रास नावाचं बोलीतलं रूप. बेर्गामोकडच्या डोंगराळ मुलखातून पोट भरायला व्हेनिसला येणाऱ्या गड्यांचं ते सरसकट नाव झालं. मुंबईत कोकणातून आलेल्या प्रत्येक घरगड्याला ‘रामा’ म्हणत, तसंच. इंग्रजी ‘झेनी’, म्हणजे विक्षिप्त, तो इथूनच.

राहिला दुसरा प्रश्न. ‘साचेबद्ध पात्र’ चूक नाही, पण त्याला समीक्षेचा वास येतो. इटालियन लोक या पात्रांना ‘मास्केरे’, म्हणजे सरळ ‘मुखवटे’ म्हणतात. मुखवटा आणि त्यामागचं पात्र, दोन्हींना शब्द एकच. आपल्याकडे जव्हार-मोखाड्याकडे बोहाडा नावाच्या लोकोत्सवात मुखवटे चढवून नाचतात, त्याला ‘सोंग’ म्हणतात. मी ‘पांतालोनेचं सोंग’ असंच लिहितो. प्रेमी जोडपी तेवढी मुखवट्याशिवाय वावरत, पण सोंगाला मुखवटा लागतोच असं कुठे आहे?