हाताने बनवलेल्या अकूस्टिक गिटारच्या बॉडीवर लॅकर स्प्रे करताना किती कोट द्यावेत? फिनिश पांढुरकं का पडतं?

तुमची वरची फळी स्प्रूसची, पाठ आणि बाजू महोगनीच्या, नायट्रोसेल्युलोज लॅकर आणून ठेवलंय आणि चाचणीच्या तुकड्यावर पांढुरकी झाक आली, असं तुम्ही लिहिलंय. आधी त्या झाकेचं बघू.

लॅकर बहुधा ठीकच आहे, हवा दमट असणार. थिनर झपाट्याने उडतं तेव्हा पृष्ठभाग गार पडतो, हवेतला ओलावा त्यावर धरतो आणि थरात अडकतो. आर्द्रता 65-70 टक्क्यांच्या वर असेल तर त्या दिवशी स्प्रे करू नका. अगदीच नाइलाज असेल तर थिनरमध्ये 5 ते 10 टक्के रिटार्डर घाला. ते सावकाश उडतं, त्यामुळे ओलाव्याला निघून जायला वेळ मिळतो. मात्र थर जास्त दिवस मऊ राहतो, म्हणून दर कोटला रिटार्डर ओतू नका. आधीच पडलेली झाक कोरड्या दिवशी थिनर-रिटार्डरचा हलका फवारा मारला की बहुतेक वेळा निघते, कारण वाळलेलं नायट्रो थिनरने पुन्हा विरघळतं. पॉलियुरेथेनला हा उपाय चालत नाही.

आता लाकडाची तयारी. 150 आणि मग 220 नंबरच्या पॉलिश पेपरने रेषांच्या दिशेने घासा, ओलसर फडकं फिरवून तंतू उभे राहू द्या, वाळल्यावर पुन्हा 220 हलक्या हाताने. मग संपूर्ण बॉडी नॅफ्थाने (झटकन उडणारं सॉल्व्हंट) पुसा. बाइंडिंगच्या, म्हणजे बॉडीच्या कडेने बसवलेल्या पट्टीच्या, कडेला राहिलेले ग्लूचे फिकट डाग ओल्या लाकडावर लगेच दिसतात. ते आत्ताच काढा, लॅकरखाली गेल्यावर काही करता येत नाही.

त्यानंतर मेणविरहित शेलॅकचा एक पातळ हात सगळीकडे. महोगनीची छिद्रं उघडी असतात, तिथे फिलर भरून आडवं पुसा आणि डब्यावर दिलेल्या वेळेइतकं पूर्ण वाळू द्या. घाई केली तर महिन्याभराने फिलर आत बसतो आणि चकचकीत पाठीवर बारीक खळगे दिसू लागतात. स्प्रूसला फिलर लावायचाच नाही. (रोजवुड असतं तर त्याचा तांबूस रंग पांढऱ्या बाइंडिंगवर उतरू नये म्हणून शेलॅकला आणखी महत्त्व आलं असतं.)

साउंडहोल आतून फोमने बंद करा, नेकचा सांधा टेपने झाका आणि बॉडी टांगता येईल असा लाकडी दांडा नेक ब्लॉकला (बॉडीच्या आतला, नेक जोडायचा ठोकळा) स्क्रूने लावा. ब्रिज (तारा अडकवायची लाकडी पट्टी) बसेल तेवढ्या जागेवरही टेप हवी. तिचं माप ब्रिजपेक्षा सगळीकडून 1 मिलिमीटर कमी ठेवा.

एचव्हीएलपी गन (कमी दाबाने भरपूर हवा सोडणारी स्प्रे गन) असेल तर 1.3 किंवा 1.4 मिलिमीटरचं नोझल घ्या. मी दोन भाग लॅकरला एक भाग थिनरपासून सुरुवात करतो. फवारा जाडसर वाटला तर थिनर वाढवायचं, पार समसमान झालं तरी हरकत नाही. गन 15 ते 20 सेंटिमीटरवर, पृष्ठभागाशी काटकोनात. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवा. ट्रिगर बॉडीच्या बाहेर दाबा आणि बाहेरच सोडा. फार जवळून किंवा सावकाश मारलं तर ओघळ येतात, लांबून मारलं तर थेंब वाटेतच सुकून खरखर बसते. कंबरेच्या खोलगट भागात हवा उलटी फिरते आणि नेमकी हीच खरखर होते, म्हणून तिथे फवारा अरुंद करा.

दिवसाला तीन कोट, दोन कोटांमध्ये दोन तास. रात्रभर वाळल्यावर 320 नंबरने फक्त उंचवटे उतरवा. कडांना हात लावू नका, लॅकर घासून लाकूड उघडं पडतं ते बहुतेक वेळा तिथेच. पाठ आणि बाजूंना एकूण 8 ते 10 कोट, वरच्या फळीला दोन-तीन कमी. घासून झाल्यावर फळीवर साधारण 0.1 मिलिमीटर थर उरला की पुरे. त्याहून जाड थराने फळी जड होते, आवाज दबतो आणि थंडीत लॅकरला तडे जाण्याची शक्यता वाढते. चमक अजून दिसत नाही म्हणून जास्तीचे कोट चढवू नका. चमक घासण्यातून येते.

स्प्रे करताना ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा मास्क घाला. साध्या कापडी मास्कने थिनरची वाफ अडत नाही. नायट्रो अत्यंत ज्वालाग्राही आहे, म्हणून जवळ ज्योत, हीटर किंवा ठिणगी उडवणारा साधा पंखा नको.

शेवटच्या कोटनंतर तीन ते चार आठवडे थांबा. नाक जवळ नेल्यावर थिनरचा वास येत असेल तर अजून वेळ आहे. मग 800 ते 2000 नंबरपर्यंत पाण्यात साबणाचा थेंब टाकून घासा आणि बफिंग कंपाउंड लावा. साउंडहोलच्या कडेला पाणी लागू देऊ नका. तिथे स्प्रूस उघडा असतो, तो फुगतो आणि लॅकर उचललं जातं.

सगळ्यात शेवटी ब्रिज. तो जागेवर धरून त्याच्याभोवती नव्या ब्लेडने फक्त लॅकर कापलं जाईल इतकाच दाब द्या. ब्लेड स्प्रूसच्या तंतूंत गेलं तर पुढे तारांच्या ताणाने ब्रिज नेमका त्या रेषेवरून उचलू लागतो. टेप काढा, कडेची राहिलेली 1 मिलिमीटरची पट्टी धारदार पटाशीने खरवडा आणि ग्लू उघड्या लाकडालाच लावा.