'पॅलिएटिव्ह' म्हणजे हात टेकले असं नव्हे

वडिलांच्या रेडिएशनच्या कागदावर 'पॅलिएटिव्ह' लिहिलंय, म्हणजे डॉक्टरांनी आशा सोडली का आणि हा शब्द आला कुठून, असं तुम्ही विचारलंय.

आधी पहिलं. कॅन्सर हाडात उतरला की कूस बदलतानाही कळ येते. तिथे थोडं रेडिएशन दिलं की बऱ्याच जणांचं दुखणं उतरतं, रात्रीची झोप लागते. रोग मुळासकट जाणार नाही हे माहीत असूनच ते देतात. 'पॅलिएटिव्ह'चा अर्थ एवढाच. हे शेवटच्या चार दिवसांतच करतात हा गैरसमज आहे. केमो चालू असतानाही असे उपचार सोबत देता येतात.

शब्दाचं मूळ लॅटिन 'पॅलियम', म्हणजे अंगावरून घ्यायचं वस्त्र. त्यामुळे इंग्रजीत 'पॅलिएट'ला दोषावर पांघरूण घालण्याचीही छटा आली. तरी १९७०च्या दशकात कॅनडातल्या माँट्रियलच्या डॉ. बॅल्फर माउंट यांनी अशा रुग्णांसाठीच्या आपल्या विभागाला मुद्दाम हाच शब्द घेतला, कारण 'हॉस्पिस' (इंग्रजीत, शेवटच्या आजारातल्या रुग्णांच्या शुश्रूषेची जागा) म्हटलं की तिथल्या फ्रेंच भाषकांना निराधारांचा आश्रम आठवे.

मराठीत 'उपशामक', 'परिहारक' असे शब्द चालतात. सरकारी परिपत्रकात ठीक आहेत. मला मात्र आयुर्वेदातला 'याप्य' आवडतो. चरकसंहितेत असाध्य रोगांचेही दोन भाग आहेत: ज्यावर उपायच चालत नाही तो, आणि याप्य. संस्कृत 'या' म्हणजे जाणे, 'यापयति' म्हणजे घालवतो. आपलं 'कालयापन' त्यातलंच. रोग घालवता येत नाही, पण दिवस बरे घालवता येतात, तो याप्य. सुश्रुतसंहिता म्हणते, पडू पाहणाऱ्या घराला नीट लावलेला टेकू जसा, तसे इथे उपचार. ते थांबले की रोगी गेला. दम्याला, म्हणजे तमक श्वासाला, चरकसंहिता याप्यच म्हणते; नुकताच जडला असेल तर साध्यही. अर्थात 'याप्य'चा आवाका मोठा आहे. रोज इनहेलर घेणाऱ्याला आज कोणी 'पॅलिएटिव्ह' म्हणणार नाही.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना नेमकं विचारा: या रेडिएशनने काय कमी व्हायला हवं, दुखणं, धाप की गिळण्याचा त्रास? आणि फरक साधारण कधी जाणवेल? कारण तो बहुधा लगेच दिसत नाही, तोवर दुखण्याच्या गोळ्या वेळच्या वेळी चालू ठेवाव्या लागतात. त्या कोणत्या आणि कधी, हेही लिहूनच घ्या.