प्रभारी मुख्याध्यापक म्हणून चार्ज घेतलाय. पोषण आहार आणि शाळा अनुदानाच्या मागच्या अर्धवट नोंदी ऑडिटआधी कशा पूर्ण करू?

पूर्ण करू नका.

तुम्ही लिहिलंय की आधीचे सर बदली होऊन गेले, साठा रजिस्टर चार महिने कोरं आहे, शाळा अनुदानाच्या तीन बिलांना ठरावच नाहीत, आणि केंद्रातले (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातले) सगळे सांगतायत की दोन रविवार बसा, एका हाताने सगळं लिहून काढा, कोण बघतंय. हे वाचलं आणि राहवलं नाही. मी पंचायत समितीच्या शिक्षण विभागात २०११ पासून करारावर लेखा सहायक आहे, आधी सर्व शिक्षा अभियानात आणि २०१८ ला ते समग्र शिक्षा झाल्यापासून त्यात, आणि मधली काही वर्षं पोषण आहाराच्या टेबलाला माणूस नव्हता म्हणून तेही माझ्याकडेच होतं. 'बसून लिहून काढा' ह्या सल्ल्याचं पुढे काय होतं ते मी बघितलंय, आणि त्यात माझाही हात होता.

२०१७ ची गोष्ट. आमचा तालुका मराठवाड्यातला, ऊसतोडीला जाणारा. एका वस्तीवरची चौथीपर्यंतची शाळा, पट ६४, दोन शिक्षक. मुख्याध्यापक म्हणजे गुरुजीच, सगळी वस्ती त्यांना गुरुजीच म्हणायची. माणूस सरळ. दिवाळीच्या सुट्टीआधी शेजारच्या शाळेचा तांदूळ संपला, पुरवठादाराची गाडी आली नव्हती, तिथल्या सरांनी निरोप धाडला आणि गुरुजींनी ५० किलोचा एक कट्टा उसना दिला. पोरं उपाशी राहू नयेत म्हणून दिला, चांगलंच केलं. पण लिहिलं नाही, ना ह्यांनी ना त्यांनी. साठा रजिस्टरात उसनवारीची एक ओळ, त्या सरांची सही आणि केंद्रप्रमुखांना एक चिठ्ठी, एवढंच लागत होतं.

नोव्हेंबरात तपासणी लागणार असं कळलं तसे गुरुजी घाबरून ऑफिसला आले. रजिस्टर सांगतंय अमुक किलो, कोठीत ५० किलो कमी. मी म्हटलं, गुरुजी, आजच्या तारखेत खरं काय ते लिहा, उसना दिलाय म्हणून, त्या सरांचं पत्र जोडा. तेवढ्यात आमचे तेव्हाचे साहेब आतून आले, त्यांनी ऐकलं होतं. म्हणाले, "त्यात काय एवढं, तोडीला गेलेली पोरं हजर दाखवा, जुळून जाईल."

आणि जुळतं हो, तेच तर वाईट आहे. पहिली ते पाचवीला पोराला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ. दिवाळीनंतर १४ पोरं आईबापांबरोबर कारखान्याकडे गेलेली. म्हणजे १४ खोट्या हजेऱ्या, रोज १ किलो ४०० ग्रॅम, ५० किलो संपायला ३६ दिवस. हा हिशोब साहेबांनी नाही केला, मी केला. माझ्या टेबलावरच्या कॅल्क्युलेटरवर, गुरुजींच्या समोर. माझी कराराची ऑर्डर दर वर्षी नव्याने निघायची आणि त्या वर्षी ती साहेबांच्या टेबलावर सहीला होती. हे कारण म्हणून सांगत नाहीये, झालं तसं सांगतेय.

गुरुजींनी ३६ दिवस ती १४ नावं हजर मांडली. वर्गाच्या हजेरीतही मांडावी लागली, कारण आहाराची लाभार्थी संख्या आणि वर्गाची हजेरी जुळली नाही तर पहिलं बोट तिथेच पडतं. पोषण आहाराच्या अ‍ॅपवरही तसंच भरलं. तपासणी झाली, शेरा आला 'साठा बरोबर'.

जानेवारीत शेजारच्या सरांनी, तेही प्रामाणिकच, कट्टा परत आणून दिला. आता रजिस्टर जुळलेलं आणि कोठीत ५० किलो जास्त! कमी साठ्यापेक्षा जास्त साठ्याला उत्तर देणं अवघड असतं. कमी असेल तर सांडला, भिजला, उंदरांनी खाल्ला, काहीतरी विचारतात तरी. जास्त निघाला की सरळ अर्थ निघतो, पोरांना कमी शिजवलं किंवा हजेरी खोटी. एप्रिलमध्ये ऑडिटच्या पडताळणीत तो कट्टा सापडला आणि खुलासा तयार करायला मलाच त्या वस्तीवर पाठवलं.

मी कोठीत कट्टे मोजत होते, तेव्हा एक बाई दाराशी येऊन उभी राहिली. तोडीवरून परवाच आलेली, हाताला पाचटाने कापलेलं, त्यावर चिंधी बांधलेली. तिला पोराबद्दल विचारायचं होतं, तिसरीतला. म्हणाली तिकडं कारखान्याच्या जवळच्या शाळेत त्याला बसवायला नेलं होतं, तिथल्या बाईंनी हमी कार्ड मागितलं. शिक्षण हमी कार्ड तुम्हाला माहीतच आहे, स्थलांतर होणाऱ्या पोराला मूळ शाळेने द्यायचं, म्हणजे जिथं जाईल तिथं वर्गात बसता येतं. तिच्या भावाने इथे गुरुजींना फोन केला होता, गुरुजी 'बघतो' म्हणाले आणि कार्ड दिलं नाही. कसं देणार? रजिस्टरात तो रोज हजर होता, खिचडी खात होता. तोडीला गेलाय असं लिहून कार्ड दिलं असतं तर ३६ दिवसांची हजेरी उघडी पडली असती.

"पोरगं पाच म्हैने आमच्यासंगं कोपीवरच व्हतं मॅडम," ती म्हणाली. "बैलामागं फिरायचं." कोपी म्हणजे तोडीवाल्यांची झोपडी.

मी हजेरी काढली. त्याच्या नावापुढे नोव्हेंबर-डिसेंबरात एकही गैरहजेरी नाही. जानेवारीनंतर गुरुजींनी खरं लिहायला घेतलं होतं, पण तोवर तिकडचं वर्ष निम्मं सरून गेलेलं. मी पोराला जवळ घेऊन पाटीवर त्याचं नाव लिहायला सांगितलं. पहिलं अक्षर काढलं, काना दिला आणि थांबला, माझ्याकडे बघत राहिला. दिवाळीआधी तो वाचत होता म्हणे. गुरुजी मागे उभे होते, त्यांनी तोंड फिरवलं.

कायद्याने बघाल तर तिकडच्या शाळेने कागद नसतानाही त्याला दाखल करून घ्यायलाच हवं होतं, शिक्षण हक्क कायदा त्याचसाठी आहे. ते त्यांचं चुकलं. पण त्यांच्या चुकीमागे लपायची माझी इच्छा नाही.

गुरुजींनी त्याच दिवशी स्वतःच्या हाताने खुलासा लिहिला, सगळा, उसन्या कट्ट्यापासून. साहेबांचं नाव त्यांनी घातलं नाही, मी सांगूनही. खोट्या हजेरीच्या तांदळाची वसुली त्यांच्यावर निघाली, ती त्यांनी भरली. मी ऑफिसला येऊन साहेबांना म्हटलं की हे आपल्यामुळे झालं. ते म्हणाले, "पोरगं शिकलं नाही त्याचा न् तांदळाचा काय संबंध?" तेव्हा मला उत्तर देता आलं नाही, मी खाली मान घालून बाहेर आले. आज देते. साहेब, संबंध असा की ती हजेरी एकच असते. तिच्यावरच तांदूळ निघतो, तिच्यावरच तेव्हा दुर्बल घटकातल्या मुलीचा दिवसाला १ रुपयाचा उपस्थिती भत्ता ठरायचा, तिच्यावरच शाळाबाह्य कोण ते कळतं, तोडीला जाणाऱ्यांच्या पोरांसाठीच्या हंगामी वसतिगृहात किती पोरं ठेवायची ते ठरतं. तुम्ही तांदळासाठी एक आकडा हलवला की बाकी सगळीकडे तो हलतो, आणि कुठे हलला ते तुम्हाला तालुक्यात बसून दिसत नाही. आणि अजूनही प्रशिक्षणात कुणी उठून 'नोंदी जुळवून ठेवा' असं म्हटलं की माझं डोकं फिरतं. नोंदी जुळवायच्या नसतात, लिहायच्या असतात! लिहून नाही जुळल्या तर त्याखाली 'जुळत नाही' असं लिहायचं.

आता तुमचं.

उद्याच वजनकाटा आणा आणि कोठीतलं सगळं मोजा. शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष, दोन पालक (त्यात एक तरी आई असू द्या) आणि स्वयंपाकी ताई ह्यांच्यासमोर. कट्ट्यावर ५० छापलंय म्हणून ५० धरू नका, बारदानच अर्ध्या किलोच्या वर भरतं. डाळी, तेल, मीठ-मसाला सगळं. पंचनामा करा, सह्या घ्या. साठा रजिस्टरात कोऱ्या पानांवर तिरकी रेघ मारून 'या कालावधीच्या नोंदी प्रभार घेताना आढळल्या नाहीत' असं लिहा, खाली आजची तारीख आणि सही, आणि पुढच्या पानावर 'प्रत्यक्ष मोजून आढळलेला साठा' म्हणून तुमची सुरुवात. त्या चार महिन्यांत माल किती आला ते तालुक्यातल्या पोच पावत्यांच्या प्रतींवरून निघतं, खर्च किती व्हायला हवा ते वर्गाच्या हजेरीवरून निघतं (सहावी ते आठवी असेल तर १५० ग्रॅम धरा). तो हिशोब करा, पण वेगळ्या कागदावर, 'उपलब्ध कागदपत्रांवरून काढलेला तक्ता' असं मथळ्यात लिहून, आजच्याच तारखेने. रजिस्टरात रोजचं लिहिल्यासारखं भरू नका. एकाच पेनाची, एकाच हाताची चार महिन्यांची पानं कुठल्याही ऑडिटरला दारातूनच कळतात. चव रजिस्टर तर मुळीच भरू नका, चार महिन्यांपूर्वीच्या खिचडीची चव तुम्ही कशी लिहिणार?

अनुदानाचं त्यामानाने सोपं आहे. आधी बँकेचं स्टेटमेंट, मग त्यावरून कॅशबुक, उलटं नाही. ३१ ते १०० पटाला समग्र शिक्षेच्या निकषात वर्षाला २५,००० असतात, त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर, ते तेवढं बघून घ्या. ज्या तीन बिलांना ठराव नाहीत ती व्यवस्थापन समितीच्या येत्या सभेत ठेवा, वस्तू समितीला दाखवा आणि कार्योत्तर (म्हणजे खर्च झाल्यानंतरची) मान्यता घ्या, खऱ्या तारखेने. जुन्या इतिवृत्तात दोन ओळींच्या मधल्या जागेत ठराव घुसवू नका, मी अशी इतिवृत्तं पाहिलीत, विषय क्रमांक ४ नंतर एकदम ४ अ येतो. वस्तू सापडलीच नाही तर तसंच लिहा. पैसा मार्चच्या तोंडावर येतो आणि ३१ मार्चला शिल्लक परत जाते म्हणून घाईत बिलं आधी आणि वस्तू मागाहून असं सर्रास होतं, पण ते झाकायचं काम तुमचं नाही.

हे सगळं एका पत्रात घालून केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांना ऑडिटच्या आधी द्या. आधी, हे महत्त्वाचं. जावक क्रमांक टाका, तुमच्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय ऑफिसातून हलू नका. आमच्यातलं कुणी 'राहू द्या हो, कशाला कागद वाढवता' म्हणालं तरी हलू नका.

आधीच्या सरांवर मी काही बोलणार नाही. आळस असेल, आजारपण असेल, एकट्याने चार वर्ग सांभाळणारा माणूस रजिस्टर कधी लिहिणार हाही प्रश्नच आहे. पैसा खाल्ल्याचं दिसलं तर गोष्ट वेगळी, तेव्हा चौकशीची मागणी लेखी करा. आणि मी हे जिल्हा परिषद शाळेचं सांगतेय, खासगी अनुदानित असाल तर संस्थेचा भाग वेगळा येतो. खरं लिहिल्यावर तुम्हाला त्रास होणार नाही असंही मी म्हणत नाही. खुलासे मागतील, दोन खेपा पडतील.

माझ्या आईला हे सगळं अजून पटत नाही. मी प्राथमिक शाळेत असताना शाळेत शिजवत नव्हते, १९९५ ला योजना आली तेव्हा महिन्याला ३ किलो तांदूळ घरी मिळायचा, ८० टक्के हजेरी असेल तर. एका महिन्यात मला ताप आला आणि हजेरी कमी भरली. आई शाळेत जाऊन गुरुजींशी भांडली की दोन दिवस वाढवा, पोरगी आजारीच होती ना. त्यांनी वाढवले नाहीत. तो महिना आम्ही बिनतांदळाचाच काढला, आणि आई आजही म्हणते की त्या माणसाला काळीज नव्हतं. मी तिच्याशी वाद घालत नाही, ३ किलो तांदूळ तेव्हा आमच्या घरात किती होता ते मला माहितीये. पण त्या महिन्यात गुरुजी एकदा घरी आले होते, मी किती दिवस आले नाही आणि का, हे विचारायला. रजिस्टरात माझी गैरहजेरी लिहिलेली होती म्हणून आले होते.

पंचनाम्याचा मसुदा हवा असेल तर कमेंटमध्ये सांगा, लिहून देते. ऑडिटची तारीख लागली की तीही कळवा.