पहाटे चारला डोकं का चालत नाही?

"मॅडम, हा मुद्दाम करतो का, तेवढं बघा," खुर्चीत बसायच्या आधीच आई म्हणाली. लालबागची चाळ. पाणी पहाटे 4 ला येतं. पिंप भरता भरता ती बारावीतल्या मुलाला उठवते. तो उठतो, तोंड धुतो आणि तासभर एकाच पानावर बसून राहतो.

"काही शिरतच नाही. माझा मेंदू खराब झालाय का?" मुलाने खाली मान घालून विचारलं. परीक्षा जवळ आली की हा प्रश्न हमखास येतो, आणि दर वेळी मला वाईट वाटतं.

मी त्याची वही मागितली. सव्वाचारच्या पानावर एकच गणित दोनदा, दोन्हीदा वजाचं चिन्ह गळलेलं, अक्षर रेघ सोडून घसरलेलं. त्याच दिवशीचं सकाळी 9 चं पान नीटनेटकं, उत्तरं बरोबर. वही मी आईपुढे सरकवली. आळशी मुलाची वही अशी नसते.

डोळे उघडले म्हणजे मेंदू पूर्ण जागा झाला असं नाही. विचार करणारा पुढचा भाग उशिरा जागा होतो. एरवी ही गुंगी 15 ते 30 मिनिटांत बरीचशी उतरते. पण शरीराच्या घड्याळात रात्र चालू असताना उठवलं, तर ती जास्त गडद असते आणि रेंगाळते. नेहमीच्या उठण्याच्या साधारण 2-3 तास आधी शरीराचं तापमान सगळ्यात खाली असतं; घड्याळातली ऐन रात्र ती त्याच्या आसपासची. हा झोपायचा साडेबाराला, सुट्टीत उठायचा आठला. म्हणजे 4 वाजता त्याच्या शरीरात ऐन रात्र, त्यात झोप जेमतेम साडेतीन तास. या वयात हे घड्याळ मुळातच उशिराकडे सरकलेलं असतं.

"माझे बाबा गिरणीत जायला पहाटेच उठायचे की!"

"आणि झोपायचे कधी?"

"नऊला," ती म्हणाली आणि गप्प झाली.

बोर्डाचा पेपर 11 ला, मग पहाटेचा हट्ट कशाला? ठरलं ते असं: पाणी आईबाबा भरतील. रात्री साडेदहाला मोबाइल आईच्या उशाशी. झोपायची वेळ दर 2-3 दिवसांनी 15 मिनिटं अलीकडे. उठायचं साडेसहाला, रविवारीसुद्धा, आणि चहा गॅलरीत, उजेडात. पहिला अर्धा तास गणित नाही.

महिन्याभराने दोघं आले. सव्वासातच्या पानावर वजाचं चिन्ह जागच्या जागी होतं.

"आता हंडे हळूच ठेवते मी," आई म्हणाली.